पुढच्या महिन्यात बघू

लातुरात तेव्हा कार्यक्रम आधी कानावर यायचा आणि मग डोळ्यांना दिसायचा. भर दुपारी गल्लीत रिक्षा शिरायची, टपावर सुतळीने आवळून बांधलेला भोंगा असायचा, आणि आतून एका पोरीचा आवाज यायचा की येत्या शनिवारी सायंकाळी दालमिलच्या शेडमध्ये भजनाचा सामना आहे, सर्व रसिकांनी सहकुटुंब यावे. ती पोरगी मी. हे सांगितलं की माझी नातवंडं हसतात आणि आजीचा आवाज असा का, हे एकदाचं कळल्यासारखं एकमेकांकडे बघतात. हसू देत बापडी. गंजगोलाईच्या बाजाराच्या सगळ्या रस्त्यांवर माझा आवाज फिरून आलाय, त्यांचा अजून घराच्या जिन्यापर्यंतही जात नाही.

ही शेड म्हणजे काशिनाथशेटची जुनी दालमिल. शेटने नवी मिल गावाबाहेर टाकली आणि ही रिकामी पडली, तेव्हा गावातल्या चार हौशी मंडळींनी ती कलामंडळासाठी मागून घेतली. शेट अध्यक्ष झाला, कारण जागा त्याची. माझे वडील, अप्पा, सचिव झाले, कारण त्यांना कुणालाच नाही म्हणता यायचं नाही. दुपारी पत्रे तडतडायचे, कोपऱ्यांत तुरीचा भुसा वर्षानुवर्षं बसलेला होता, आणि स्टेजवर चढलेला प्रत्येक कलाकार, मग तो कितीही मोठा असो, आधी एकदा शिंकायचा आणि मग बोलायचा. पण त्या शेडमध्ये मी काय काय पाहिलं! कव्वाली पाहिली, एका मास्तरांनी काढलेली पाण्याच्या रंगांतली चित्रं पाहिली, नकला पाहिल्या. बाया बघायला यायच्या, मागच्या बाजूला बसायच्या. स्टेजवर मात्र बाई म्हणजे साडी नेसलेला पुरुषच असायचा.

मी भोंग्यावर कशी गेले, त्याची गंमत आहे. रिक्षात बसून गावभर ओरडायला समितीतला एकही जण तयार नव्हता. मास्तर म्हणायचे, पोरं वर्गात चिडवतील. दुकानदार म्हणायचे, गिऱ्हाईक काय म्हणेल. प्रतिष्ठा सगळ्यांनाच होती. तेव्हा अप्पा हळूच म्हणाले, "आमची गिरजा वाचती की. लई खणखणीत वाचती." पोरीच्या जातीने भोंग्यावर बोलायचं म्हटल्यावर कुणीतरी हरकत घेईल असं वाटलं होतं, पण खाजाभाईंच्या रिक्षाला दोन्ही बाजूंनी रेक्झिनचे पडदे होते. ते सोडले की आत कोण आहे ते दिसत नसे. आवाज चालत होता, तोंड दिसलेलं चालत नव्हतं. खाजाभाई अप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त, त्यामुळे रिक्षाची काळजी नव्हती, तरी सोबतीला गंगाकाकू यायची. काकू माझ्या चुलत्याची बायको, माहेर निलंग्याच्या पलीकडचं, तिकडचं कानडी तिच्या तोंडून मधूनच निघायचं. चुलता पुण्याला कामाला जातो म्हणून गेला आणि तिकडेच रमला, काकू आमच्याकडे राहिली. तिला रिक्षाची भारी आवड. पडद्याच्या फटीतून सगळं गाव बघायची आणि दर चौकात खाजाभाईंना भजी घ्यायला थांबवायची.

आमचं घर बारदान्याचं होतं. म्हणजे दालमिलांना लागणारी पोती अप्पा पुरवायचे. फाटकी पोती गाड्यांनी यायची, अंगणात झटकली जायची, शिवली जायची आणि पुन्हा मिलमध्ये जायची. आमच्या घराला सकाळी दोन वास असायचे, एक अप्पांच्या पूजेतल्या विभूतीचा आणि दुसरा तागाचा. पूजा आटोपून अप्पा बाहेर येईपर्यंत अंगणात दहा-बारा बाया दाभण घेऊन बसलेल्या असायच्या. खाजाभाईंची बायको सायराभाभी त्यांच्यातली म्होरकी. दाभण तागातून खसकन जायची, सुतळी ओढली जायची, आणि त्या आवाजावर गप्पा चालायच्या. दुपारी माय मोठ्या परातीत सुशीला करायची, भिजवलेले मुरमुरे, वर शेंगदाण्याचा कूट आणि हिरवी मिरची. कुणी घरून धपाटे आणायचं, कुणी येसराच्या मसालेदार पिठाची आमटी डब्यात घालून आणायचं, आणि सगळ्यांचं सगळ्यांत मिसळायचं. इतकं चवदार जेवण मी पुढे कुठल्याही लग्नात जेवले नाही. सुशीला मी अजून करते, नांदेडला लेकीकडे आले तरी करते, पण तागाची धूळ पडल्याशिवाय तिला ती चव येत नसावी.

त्या अंगणात नाटक जन्माला आलं. झालं असं, की त्या वर्षी मला बघायला पाहुणे आले होते. त्यांनी मला चालून दाखव म्हटलं, सुईत दोरा ओवून दाखव म्हटलं, आणि नंतर बाकी सगळं पसंत आहे पण आवाज मोठा आहे असा निरोप धाडला. मी रडले नाही, मला संताप आला. दुसऱ्या दिवशी अंगणात मी त्या पाहुण्यांची नक्कल करत बसले. सायराभाभी दाभण थांबवून म्हणाली, "आगं, हे उलटं कामून न्हाई होत कधी? आपन जाऊन पोरगा बघावा की." काकूने तिथेच पोत्याचा फेटा गुंडाळला आणि नवरा मुलगा होऊन मान खाली घालून बसली. बायांनी तिला प्रश्न विचारायला सुरुवात केली. भाकरी थापता येती का? चालून दाखवा. सासरी रडू आलं तर कुठं जाऊन रडाल? काकू लाजून लाजून उत्तरं द्यायची आणि बाया हसून हसून आडव्या व्हायच्या. ते सगळं मी नीट जुळवून लिहून काढलं. रोज पोती शिवता शिवता तालीम व्हायची. त्यामुळे एक भलतंच झालं. बायांना सगळं नाटक पाठ झालं ते बसून आणि हात चालवत. पहिल्यांदा उभं राहून करायला गेलो तर कुणाला एक वाक्य आठवेना. रिकाम्या हातांचं काय करायचं तेच कळेना. शेवटी मी म्हटलं, पोती घेऊनच बसा, मुलगा बघायला आलेल्या बाया पोती शिवत शिवतच प्रश्न विचारतील. हातात दाभण येताच सगळी वाक्यं परत आली.

आता कलामंडळाची एक रीत सांगते. दर महिन्याला रिक्षा फिरायची, तेव्हा मी आधी त्या महिन्याचे कार्यक्रम सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "आगामी आकर्षण, महिलांचा खास कार्यक्रम, पुढच्या महिन्यात." ते वाक्य समितीनेच घातलं होतं, कानाला बरं वाटतं म्हणून. पुढचा महिना यायचा, भजन व्हायचं, नकला व्हायच्या, आणि महिलांचा कार्यक्रम पुन्हा पुढच्या महिन्यात जायचा. मी स्वतःच्या तोंडाने ते कितीदा बोलले असेन. अप्पांना विचारलं की ते म्हणायचे, "शेट म्हनले पुढच्या महिन्यात बघू." आता कलामंडळाचा मोबाइलवर गट आहे, आगामी कार्यक्रम फुलांच्या चौकटीत येतात, वर गणपती, खाली हात जोडलेले. त्यात अजूनही कुठला तरी कार्यक्रम तळाशी 'लवकरच' म्हणून लटकत असतो. तो दिसला की मी विचारते, लवकर म्हणजे कधी. लोक मला अंगठा पाठवतात.

मग एकदा एका जादूगाराने ऐनवेळी नाही म्हटलं आणि एक रविवार रिकामा पडला. अप्पांनी समितीत कसंबसं आमचं नाव काढलं आणि कसा कोण जाणे, होकार आला. मी रिक्षातून ओरडले, "महिलांचा खास कार्यक्रम, या रविवारी." 'या रविवारी' म्हणताना माझा आवाज फाटला, खाजाभाईंनी मागे वळून पाहिलं. मायने तागाचे तंतू काजळात बुडवून काकूला मिशी करून दिली. काकू ती लावून स्वयंपाकघरात भाकरी करायला बसायची, सवय व्हावी म्हणून.

आणि मग गुरुवारी अप्पा जेवताना म्हणाले, "रविवारचं रद्द झालं." मी हातातला घास तसाच धरून विचारलं, कामून. ते म्हणाले, गावातल्या काही मंडळींनी शेटला सांगितलं, की घरच्या बाया स्टेजवर चढणार, मिश्या लावणार, पुरुषाच्या जातीला चालून दाखव म्हणणार, हे शोभत नाही. शेटलाही पटलं. "पुढच्या महिन्यात बघू म्हनलेत." माय चुलीपाशी होती, ती म्हणाली, "शोभत न्हाई म्हणजे? पोरीला चालून दाखवायला लावलं, तेव्हा शोभलं होतं का?" अप्पा ताटातली भाकरी मोडत राहिले. त्यांची अडचण मला कळत होती. आमचा निम्मा बारदाना शेटच्या मिलमध्ये जायचा. पण मला हेही कळत होतं, की हा पुढचा महिना कधी येणार नाही. मी म्हातारी होईन, सायराभाभी म्हातारी होईल, आणि कुणीतरी दुसरी पोरगी पडद्याआडून आम्हाला आगामी म्हणत फिरेल. मला तेव्हा जगातलं दुसरं काही नको होतं, लग्न नको, शिक्षण नको, फक्त तो रविवार हवा होता.

आणि इथे त्या शहाण्या समितीने जे केलं, ते तीच करू जाणे. कार्यक्रम रद्द झाल्याचं गावाला कळवायचं कसं? रिक्षा फिरवून. रिक्षात बोलणार कोण? त्यांच्यातल्या कुणाला बसायची अजूनही लाजच होती. म्हणून ज्या पोरीचा कार्यक्रम मोडला, तिच्याच हातात त्यांनी माईक दिला. त्यात काही चुकतंय असं एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण त्यांच्या लेखी रिक्षात मी नव्हतेच, नुसता भोंगा होता.

शुक्रवारी दुपारी आम्ही निघालो. काकू शेजारी बसली होती, पण भजीसुद्धा मागत नव्हती. गंजगोलाईला शेटची पेढी होती. तिच्यासमोर आलो तेव्हा मी खाजाभाईंना म्हटलं, "इथं थांबवा." त्यांनी थांबवली. मी माझ्या बाजूचा पडदा गुंडाळून वर बांधला. काकूने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या बाजूचाही बांधला. उजेड आत आला. रस्त्यावरचे लोक आधी भोंग्याकडे बघत होते, ते आता माझ्याकडे बघायला लागले. शेट गादीवर बसला होता, तोही बघत होता. मी माईक तोंडाजवळ घेतला आणि नेहमीच्याच चालीत बोलले. "ऐका. दालमिलच्या शेडमधला महिलांचा कार्यक्रम समितीने रद्द केला आहे. ज्यांनी रद्द केला, ते येणार नाहीत. आम्ही येणार आहोत. शेड उघडी असो की बंद, रविवारी चार वाजता सर्व बायांनी यावे. हातातलं काम टाकून यावे. कुणाचं बोलावणं आहे असं कुणी विचारलं, तर बारदानवाल्या अप्पांच्या गिरजेचं, म्हणून सांगावे."

खाजाभाईंनी रिक्षा सुरू केली आणि म्हणाले, "बेटी, आता पुऱ्या गावात बोलायचं. आर्धं बोलून घरी गेलं, तर आर्धाच मार पडतो, त्यात काय मजा न्हाई." काकू म्हणाली, "आन् भजी घ्या." मग आम्ही अख्खं गाव फिरलो. तोवर मी त्या रस्त्यांना पडद्याच्या फटीतूनच ओळखत होते.

मार काही पडला नाही, पण अप्पांनी माझ्याशी बोलणं टाकलं. शनिवारी शेटचा माणूस बारदाना न्यायला आला नाही, शिवलेल्या पोत्यांची थप्पी अंगणात तशीच राहिली. अप्पा त्या थप्पीकडे बघायचे आणि आत जायचे. माय त्यांना म्हणाली, "आता काय पोरीला बारदान्यात घालून शिवू?" अप्पांचं ते थप्पीकडे बघणं मला सोसवत नव्हतं. तरीही रविवारी थांबावं असं एकदाही वाटलं नाही. माणसाला दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटू शकतात, हे मला त्या दोन दिवसांत कळलं.

रविवारी शेडला भलंमोठं कुलूप होतं. ते अपेक्षितच होतं. पण शेडच्या पुढे मोकळी जागा होती आणि मिल चालू असताना जिथे गाड्या भरायचे, तो दगडी ओटा होता. चार वाजता तिथे आम्हीच होतो. मला वाटलं, संपलं. मग कोपऱ्यावरून कडेवर लेकरं घेतलेल्या बाया दिसायला लागल्या. भाजीवाल्या टोपली घेऊन आल्या. नव्या मिलवरच्या डाळ निवडणाऱ्या बाया तशाच धुळीने माखलेल्या आल्या. एकामागून एक येत राहिल्या आणि जागा भरली, तेव्हा आमचीच न विकली गेलेली पोती खाली अंथरली. पुरुषही आले, पण ते भिंतीवर चढून बसले, आपण सहज बसलोय असं दाखवत. खाजाभाईंनी भोंगा टपावरून सोडवून बायांच्या दिशेने वळवला.

काकू फेटा बांधून, मिशी लावून, मान खाली घालून ओट्यावर आली, हातात सुशीलेच्या बशा. पहिल्याच टाळीला तिची मिशी एका बाजूने सुटली, बशा खाली ठेवून ती तिने तशीच हाताने धरून ठेवली. सायराभाभी पोतं शिवत म्हणाली, "चालून दाखवा की जरा." काकू चालली. बाया हसल्या. सायराभाभीने दाभण पुढे केली, "ओवता येती का?" काकूने दाभणीच्या नेढ्यात फेट्याचं टोक घालायचा प्रयत्न केला. भिंतीवरचे पुरुषही हसले, हसायचं नाही असं ठरवून आले होते तरी. मग गर्दीतली एक भाजीवाली उठली आणि सरळ काकूला म्हणाली, "दारू पितो का रं तू?" हे वाक्य नाटकात नव्हतं. काकू गोंधळली आणि तिचं कानडी बाहेर आलं, "इल्ल, इल्ल," म्हणजे नाही, नाही. दुसरी उठली, "हात उगारशील का?" तिसरी उठली, "माहेरी जाऊ देशील का?" आमचं नाटक तिथेच मोडलं आणि त्यातून जे सुरू झालं, ते कुणालाच आवरेना. बाया उठत होत्या, विचारत होत्या, काकू कधी 'इल्ल', कधी 'हौदु', म्हणजे हो, म्हणत उत्तरं देत होती. शेवटी मिलवरची एक म्हातारी उभी राहिली. तिने काकूला काही विचारलं नाही. ती आम्हा सगळ्यांना म्हणाली, "माझ्या टायमाला हे कुणी इचारलं असतं, तर बरं झालं असतं माय." आणि खाली बसली. सायराभाभीची दाभण थांबली. मी ओट्याच्या कडेला माईक धरून उभी होते आणि मला रडू येत होतं. पाहुण्यांनी नाकारलं तेव्हा न आलेलं ते रडू असावं.

सोमवारी समितीने मला बोलावलं. शेडच्या मागच्या खोलीत सगळे बसले होते, शेट मध्ये, अप्पा कडेला वही घेऊन. मास्तर म्हणाले, "झालं ते झालं. पोर आहे. माफी मागितली की विषय मिटला." शेट म्हणाला, "अप्पांकडं बघून सोडून देऊ. माफी माग आन् घरी जा."

मी म्हटलं, "माफी मागाया न्हाई आले. पुढच्या कार्यक्रमाची तारीख घ्याया आले."

शेट हसला. त्याला खरंच हसू आलं असावं. तो म्हणाला, "बरं बरं. पुढच्या महिन्यात बघू."

"पुढच्या महिन्यात चालंल," मी म्हटलं. "पन तारीख आत्ता सांगा, शेट. बाहेर रिक्षा उभी हाय, माईक चालू हाय."

बाहेरून भोंग्यात काकूच्या खोकल्याचा आवाज आला, सगळ्यांनीच ऐकला. शेट माझ्याकडून अप्पांकडे वळला आणि म्हणाला, "अप्पा, तुम्ही काय बोलत न्हाई? आपला धंदा हाय एकमेकांशी. पोरगी तुमचीच हाय ना?"

अप्पांनी वही मिटली. चार दिवसांत ते पहिल्यांदा माझ्याविषयी बोलले, आणि तेही माझ्याकडे न बघता. "माझीच हाय," ते म्हणाले. "म्हणून सांगतो, द्या तारीख. धंद्याचं पुढच्या महिन्यात बघू."